घाम इथे, मन तिथे



दर अंकात आपण बेणे, खताची मात्रा, पाण्याची पाळी, खोडव्याची निगा यांबद्दल वाचता. हे सगळे ज्या अंगाच्या जोरावर चालते, त्या अंगाबद्दल मात्र आपण फारसे बोलत नाही. बैलाचा खूर दुखावला तर आपण त्याच दिवशी डॉक्टरला बोलावतो. स्वतःची कंबर धरली तर “होईल बरी” म्हणून पुन्हा दारे धरायला उभे राहतो. म्हणून या वेळी थोडा वेगळा विषय घेतला आहे. व्यायाम करताना मन कुठे असावे, हा तो विषय.

हे वाचून कुणी आबा लगेच म्हणतील, “साहेब, आम्हाला कशाला व्यायाम? सकाळपासून रात्रीपर्यंत राबतोय की!” प्रश्न रास्त आहे. तेव्हा आधी त्याचेच उत्तर पाहू.

कष्ट म्हणजे व्यायाम का?

कष्टाने अंग काटक होते यात शंका नाही. पण शेतातले काम अंगाला एकाच बाजूने वाकवते. लागण असो, खुरपणी असो, उसाची तोड असो, पाठ सगळा वेळ पुढेच वाकलेली. मोळी ज्या खांद्यावर घ्यायची सवय, तोच खांदा रोज ओझे पेलतो. खुरपे ज्या हातात, तोच हात झिजतो. पाठ मागे वाकणे, छाती पुरी उघडणे, मांडीच्या मागच्या शिरा ताणल्या जाणे हे दिवसभरात एकदाही होत नाही. काम पिकाच्या गरजेप्रमाणे होते, आपल्या सांध्यांच्या गरजेप्रमाणे नव्हे. व्यायामात प्रत्येक सांधा दोन्ही बाजूंनी फिरवला जातो. पहिला फरक हा.

दुसरा फरक मनाचा. काम करताना मन कामाच्या शेवटाकडे धावत असते. हात सरीत आणि मन सोसायटीच्या हप्त्यात. पाय बांधावर आणि डोके तोडीच्या तारखेत. ‘टोळी कधी येणार, पाणी पुरेल का, पोरीचं जमेल का’ हे चक्र थांबत नाही. अंग थकते, पण मन मोकळे होत नाही. म्हणूनच दिवसभर राबलेला माणूस रात्री अंथरुणावर पडतो आणि दोन-दोन तास नुसता कूस बदलत राहतो.

तिसरी गोष्टही ध्यानात घ्यावी. आपले कष्ट पूर्वीसारखे राहिलेले नाहीत. नांगरट ट्रॅक्टरने होते, मळ्यात जायचे तर मोटारसायकल, मोटर चालू करायची तर मोबाइलवरून. अंगाची हालचाल कमी झाली आणि डोक्याची वाढली. म्हणून रक्तदाब आणि साखर हे शब्द आता गावोगाव, चावडीवरसुद्धा ऐकू येतात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्यातून किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस, रोज अर्धा तास. तेवढा वेळ काढला आणि मन मात्र बांधापलीकडेच भटकत राहिले, तर निम्मा लाभ आपण सोडून दिला असे समजावे.

औंधच्या राजाचा धडा

व्यायामात मन घालणे ही कुणी नवी काढलेली टूम नाही. सातारा जिल्ह्यात, आजच्या खटाव तालुक्यात औंध आहे. यमाईच्या दर्शनाला आपल्यापैकी पुष्कळजण जातात. या औंध संस्थानचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (1868–1951). शेतकऱ्यांना त्यांची आणखी एक ओळख सांगायला हवी. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळावरची जागा दिली ती याच राजाने. तिथेच किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तिथला लोखंडी नांगर आपल्या आजोबा-पणजोबांच्या शेतात आला.

बाळासाहेबांना व्यायामाचा फार नाद. सुरुवातीला ते युजीन सँडो या त्या काळी युरोपात गाजलेल्या बलवान माणसाच्या पद्धतीने, विकत आणलेल्या साधनांवर व्यायाम करीत. पुढे ते सूर्यनमस्काराकडे वळले आणि अखेरपर्यंत त्यालाच धरून राहिले. संस्थानातल्या शाळांत त्यांनी नमस्कार सुरू केले, त्यावर पुस्तक लिहिले, ठिकठिकाणी प्रात्यक्षिके दाखवली. 1938 मध्ये त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनला छापले गेले. सूर्यनमस्कार आज शाळेच्या मैदानापासून परदेशातल्या योगवर्गापर्यंत दिसतात, त्यात या राजाच्या खटपटीचा मोठा वाटा आहे.

आता नमस्काराची जुनी रीत जरा बारकाईने पाहा. प्रत्येक नमस्काराआधी सूर्याचे एक नाव घ्यायचे. मित्र, रवि, सूर्य, भानु, खग, पूषा, हिरण्यगर्भ, मरीचि, आदित्य, सवितृ, अर्क, भास्कर अशी ही बारा नावे. कोणत्या स्थितीत श्वास घ्यायचा आणि कोणत्या स्थितीत सोडायचा हे ठरलेले. तळहात एकदा जमिनीला टेकले की उठेपर्यंत जागा सोडायची नाही. शिवाय मोजदाद चुकवायची नाही.

नाव, श्वास, जागा आणि मोजणी ही मनाला बांधायची चार दावी आहेत. आपण मोकाट गुरे दावणीला बांधतो, तसे मन तिथे बांधले जाते. तिन्हीसांजेच्या खरेदी-विक्रीचा हिशेब करीत बारा नमस्कार घालून पाहा. पाचव्याला नाव चुकते, सातव्याला आकडा चुकतो. मन पळाले की लगेच कळते. जुन्या लोकांनी ध्यानाला वेगळी खोली बांधली नाही, ते व्यायामातच पेरून ठेवले. आपण मात्र पुढे उड्या ठेवल्या आणि ध्यान गाळले.

श्वासाचे काम नाडीवर पाहा

यात देवधर्म किती आणि शरीरशास्त्र किती, असे तरुण सभासद विचारतील. त्यांनी ही परीक्षा स्वतःच करावी. शांत बसून उजव्या हाताची बोटे डाव्या मनगटाच्या नाडीवर ठेवा. सावकाश श्वास घ्या, मग त्याहून सावकाश सोडा. श्वास घेताना नाडी किंचित जलद होते आणि सोडताना मंद होते. पुष्कळांना, विशेषतः तरुणांना, हा फरक बोटाला कळतो.

याचे कारण असे की हृदयाची गती कमी-जास्त करणाऱ्या दोन प्रकारच्या नसा आपल्या अंगात आहेत. एक दौडवणारी, दुसरी आवरणारी. श्वास सोडताना आवरणाऱ्या नसेचा जोर वाढतो. काळजीत, रागात, घाईत माणूस वरच्यावर छातीतून भराभर श्वास घेतो. तिथे दौडवणारीचे राज्य. हृदय आपण हुकूम देऊन मंद करू शकत नाही. श्वास मात्र करू शकतो, आणि श्वासामागून हृदय येते. नदीच्या पाण्यावर आपला हक्क चालत नाही, पण चारीचे दार आपल्या हातात असते. श्वास हे तसे दार आहे.

मोठा माणूस स्वस्थ बसला असता मिनिटाला साधारण 12 ते 20 श्वास घेतो. मनात चार आकडे मोजत श्वास घेतला आणि सहा आकडे मोजत सोडला, तर एक श्वास सुमारे दहा सेकंदांचा, म्हणजे मिनिटाला सहा होतात. पाच मिनिटे असे केले तरी खांदे खाली आलेले आणि जबडा सैल पडलेला आपला आपल्यालाच जाणवतो.

या गोष्टी यंत्रावर मोजून पाहायचे काम आपल्याच महाराष्ट्रात फार आधी सुरू झाले. स्वामी कुवलयानंद यांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम संस्था काढली आणि योगाच्या क्रियांचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत तपासायला घेतला. ते मूळचे व्यायामाच्या आखाड्यात घडलेले. बडोद्याचे राजरत्न माणिकराव हे त्यांचे व्यायामगुरू. म्हणजे जोर-बैठका आणि ध्यान हे दोन्ही एका माणसात एकत्र आले होते.

पुढे 1979 मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी एक अभ्यासक्रम सुरू केला. डॉक्टरांचे औषध चालू असूनही ज्यांचे जुनाट दुखणे हटत नव्हते, असे रोगी तिथे येत. त्यांना शांत बसणे, झोपून अंगाच्या एकेका भागावर लक्ष नेणे आणि हळू हालचालीची योगासने शिकवली जात. हे ज्ञान पूर्वेकडचे, बौद्ध ध्यानपरंपरेतले. त्याला तिकडे ‘माइंडफुलनेस’ म्हणतात. आपण सजगता म्हणू. म्हणजे जे करतो आहोत ते जाणून करणे.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढची आहे. 2017 मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांच्या ‘अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स’ या संस्थेने जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात औषधाच्या आधी करावयाच्या उपायांत व्यायाम, योग आणि याच सजगतेच्या अभ्यासक्रमाचा समावेश केला. कंबरदुखी हे तर आपल्या ऊसपट्ट्यातले घरोघरचे दुखणे. दर पंधरवड्याला दुखण्याची गोळी खाऊन दिवस ढकलण्यापेक्षा हा उपाय बिनपैशाचा आहे.

प्रत्यक्ष करावयाचे काय?

खाली तीन प्रकार दिले आहेत. तिन्ही एकदम धरू नयेत. ज्याला जो सोयीचा वाटेल तो आधी घ्यावा.

1. लक्ष घालून सूर्यनमस्कार. बारा नको, तीनपासून सुरुवात करा. सूत्र सोपे आहे. छाती उघडते तेव्हा श्वास आत, पोटाची घडी पडते तेव्हा श्वास बाहेर. हात वर नेताना आत, खाली वाकताना बाहेर. एक पाय मागे नेऊन मान वर करताना आत, दुसरा पाय मागे नेताना बाहेर. साष्टांग टेकताना क्षणभर थांबा. भुजंगासारखी छाती उचलताना आत, कंबर वर उचलताना बाहेर. मग त्याच क्रमाने परत. पद्धतींत थोडेफार फरक आहेत, पण हे सूत्र धरून ठेवले की गोंधळ होत नाही. आधी श्वास सुरू व्हावा, मग हालचाल. श्वास संपला की हालचालही संपावी. दम लागून तोंडाने श्वास घ्यावा लागला की समजावे, घाई होते आहे. ज्यांना खाली टेकणे जमत नाही त्यांनी हात वर नेणे आणि खुर्चीला धरून अर्धे वाकणे एवढेच श्वासासह करावे. तेही पुष्कळ झाले.

2. बांधावरची फेरी. आपण वारकऱ्यांच्या मुलखातली माणसे. ज्ञानोबा माउलींची पालखी आळंदीहून पंढरपूरला जाते ती वाट सुमारे अडीचशे किलोमीटरची. लोणंद, फलटण, माळशिरस करीत ती ऊसपट्ट्यातूनच जाते. दिंडीत चालणारा माणूस नुसता चालत नाही. टाळाच्या ठेक्यावर पाऊल पडते आणि पावलावर नाम. साठी ओलांडलेल्या आज्या रोज कित्येक कोस चालतात ते पायाच्या बळावर तर खरेच, पण मन त्या ठेक्यात गुंतलेले असते म्हणूनही. हीच युक्ती बांधावर वापरा. चार पावलांत श्वास घ्या, पाच-सहा पावलांत सोडा. नाही तर प्रत्येक पावलाला आपल्या श्रद्धेचे नाव घ्या. टाच टेकते, तळवा टेकतो, बोटे उचलतात हे जाणत चाला. मोबाइल घरी ठेवा. वीस मिनिटे पुरेत. साखर असलेल्यांनी हीच फेरी जेवणानंतर, घराजवळ मारावी. जेवणानंतरच्या चालण्याने रक्तातली साखर आटोक्यात राहायला मदत होते.

यात आमच्या शेतकी खात्याचा थोडा स्वार्थही आहे! लक्ष ठेवून फेरी मारणाऱ्याला पीक दिसते. शेंड्यावरची पोंगा मर, पानामागचा लोकरी मावा, ठिबकची चोंदलेली तोटी या गोष्टी फोनवर बोलत चालणाऱ्याच्या नजरेतून सुटतात.

3. झोपण्याआधी अंगाची पाहणी. अंथरुणावर उताणे पडा. डाव्या पायाच्या बोटांपासून सुरुवात करून लक्ष हळूहळू वर न्या. घोटा, पोटरी, गुडघा, मांडी. मग उजवा पाय. नंतर कंबर, पाठ, पोट, छाती, हात, मान, चेहरा. जिथे ताठपणा आढळेल तिथे श्वास सोडताना तो भाग सैल करा. दुखत असेल तर त्याच्याशी भांडू नका, कुठून कुठवर दुखते तेवढे पाहा. दहा मिनिटे लागतात. मधेच झोप लागली तर उत्तमच!

आमच्या भगिनी सभासदांना वेगळा वेळ मिळत नाही हे ठाऊक आहे. चुलीपुढून उठल्यावर, खुरपणीला बसण्याआधी आणि उठताना, पाठ मागे नेत पाच सावकाश श्वास घ्यावेत. दिवसातून चार वेळा केले तरी वीस श्वास होतात. आणि घरातल्या मंडळींनी त्या वीस श्वासांत हाका मारू नयेत, ही त्यांना विनंती!

मन पळाले तर?

पळणारच. दोन श्वासांत ते कारखान्याच्या वजनकाट्यावर जाऊन पोहोचेल. त्याला “आपल्याला जमत नाही” असे समजू नये. पाणी देताना आपण काय करतो? एके ठिकाणी दार फुटते, पाणी भलत्या सरीत जाते. आपण शिव्या देत बसत नाही. खोऱ्याने माती ओढतो, दार बांधतो आणि पाणी पुन्हा सरीत घेतो. पुन्हा फुटले, पुन्हा बांधतो. मन पळाले हे कळणे आणि त्याला परत श्वासावर आणणे, हेच ध्यानाचे काम. वीसदा पळाले आणि वीसदा आणले तर वीस बैठका झाल्या असे समजा.

आणखी एक तुलना आपल्याला पटेल. मोकाट पाणी दिले की रान भिजते, पण मुळाशी किती पोहोचले ते सांगता येत नाही, शिवाय जमीन चिबडते ते वेगळेच. ठिबकने थोडे पाणी दिले तरी मुळाशी पोहोचते. मन मोकाट सोडून तासभर केलेला व्यायाम आणि लक्ष घालून वीस मिनिटे केलेला व्यायाम यांत असाच फरक आहे.

या सवयीचा उपयोग व्यायामापुरता राहत नाही. कडबाकुट्टीत हात जातो, ट्रॅक्टरच्या फिरत्या दांड्यात धोतर-साडी अडकते, ओल्या हाताने स्टार्टरला हात लागतो. असे अपघात पुष्कळदा अनोळखी कामात होत नाहीत. हजारदा केलेल्या कामात, मन दुसरीकडे असताना होतात. हात जिथे आहे तिथेच मन ठेवायची सवय रोज वीस मिनिटे लावली, तर ती ऐन वेळी कुणाचा हात वाचवील. एवढे एक कारण पुरेसे नाही काय?

काही पथ्ये

— हृदयविकार, रक्तदाब, हर्निया, मणक्याचा आजार किंवा नुकतेच ऑपरेशन झालेले असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. गरोदर भगिनींनीही विचारूनच करावे.

— रक्तदाब असणाऱ्यांनी श्वास कोंडून धरू नये. नुसता सावकाश घ्यावा आणि सोडावा.

— चालू असलेली औषधे स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. व्यायाम हा औषधाचा जोडीदार आहे, सवतीचा पोर नव्हे.

— व्यायाम करताना छातीत दुखणे, घेरी येणे, हाता-पायाला मुंग्या येणे असे काही झाले तर ताबडतोब थांबावे आणि दवाखाना गाठावा.

— नमस्कार भरल्या पोटी घालू नयेत. जेवणानंतर निदान तीन तास जाऊ द्यावेत.

— बांधावर डोळे मिटून ध्यान नको! पायात बूट आणि नजर वाटेवर असावी. ज्या शिवारात बिबट्याचा वावर आहे तिथे अंधारात उसाच्या कडेने एकट्याने फिरू नये. उजाडल्यावर, सोबतीने जावे.

— डोळे मिटून बसल्यावर मन फार अस्वस्थ होत असेल, नको ते विचार पाठ सोडत नसतील, तर बसणे थांबवून चालावे. घरच्यांशी बोलावे आणि डॉक्टरांनाही सांगावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. कर्जाने आणि काळजीने खचलेल्या माणसाला नुसता श्वास पुरत नाही, माणसेही लागतात.

खोडव्यासारखेच हे आहे. पहिल्या पिकाला मेहनत घेतली, बुडखे नीट छाटले, पाचट जागेवर ठेवले, तर पुढचे पीक कमी खर्चात येते. सुरुवातीचा एक महिना नेटाने काढला की अंगाला आणि मनाला वळण लागते. मग आठवण करून द्यावी लागत नाही.

उद्या सकाळी हातात चहाचा कप आणि मोबाइल येण्याआधी, उगवतीकडे तोंड करून तीन नमस्कार घाला. आकडा चुकला तर पुन्हा एकपासून धरा. जमिनीचा पोत वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या माणसाने स्वतःच्या अंगाचा पोतही सांभाळला पाहिजे. ते रान आपल्याला एकच मिळालेले आहे आणि ते खंडाने दुसऱ्याला कसायला देता येत नाही.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते